कोपरापर्यंत हात

सांगा मंडळी, भरवसा कुणावर ठेवाल? कधी न झोपणाऱ्या घंटेवर, की दिवसाअखेर थकणाऱ्या हातावर? घाईने बोलू नका, आधी ऐका.

फार जुन्या काळी डोंगरापलीकडे एक गाव होतं. साऱ्या गावाचं बियाणं एकाच कोठारात राशीने साठवलेलं असे. भिवरामावशी रोज सकाळी त्या राशीत कोपरापर्यंत हात खुपसायची. बी आतून तापू लागलं म्हणजे कुजायला लागलं, आणि ते तिच्या हाताला कळायचं. मग सारं गाव रास उपसून वाऱ्यावर पसरायचं.

एका वर्षी पाटलांनी परमुलखातून यंत्र आणलं. राशीत लोखंडी दांडा, वर घंटा. दांडा तापला की घंटा वाजे. मावशी म्हणाली, यंत्र खुशाल ठेवा, पण एखाद्या पोरीने रोज हातही घालावा. पाटील हसून म्हणाले, "मावशी, घंटेला डुलकी लागत नाही. तुम्हाला लागते."

तीन वर्षं घंटा बिनचूक वाजली, आणि राशीत कुणी हात घातला नाही. खोटं कशाला बोलू, माल चोख होता.

चौथ्या वर्षी पाऊस थांबेना. एका सकाळी मावशीच्या सुनेला कोठारात आंबूस वास आला. घंटा मात्र गप्प. बी तापलं असेल तर लगेच उपसायला हवं. नसेल तर त्या पावसात चांगलं बीही भिजून जाणार. माणसांनी राशीत हात घातले. एकाला ते ऊन लागलं. दुसरा म्हणाला, बी एवढं ऊन असतंच. तिसऱ्याला वाटलं, आपलाच हात गरम आहे. मग सगळे घंटेकडे बघू लागले.

शेवटी मावशीला बाजेवर घालून आणलं. वयाने तिचे दोन्ही हात बधिर झाले होते. सुनेने तिचा हात राशीत खोल नेला. मावशीने डोळे मिटले, पण हाताला काही कळेना.

"माझे हात म्हातारे झाले रे," ती म्हणाली. "तुमचे कुठे गेले?"

घंटेवर हवाला ठेवून माणसांनी कोठाराचं दार लावलं.

नवव्या दिवशी ऊन पडलं, तेव्हा रास फोडली. वर वीतभर बी सोनेरी, खाली नुसता काळा, वाफाळता गोळा. घंटेचा सांधा ओलीने गंजून बसला होता. त्या वर्षी पेरणी झाली नाही. एकेक चूल विझली आणि लोक पोरं कडेवर घेऊन वाट फुटेल तिकडे गेले.

जे काम हात विसरतो, त्यातली चूक ओळखणंही माणूस विसरतो.

तेव्हा यंत्र जरूर घ्या. पण त्याने काय दिलं हे मांडताना हातातून काय गेलं तेही प्रामाणिकपणे मांडत चला, एवढीच विनंती.