रत्नाई आणि इंजिनाची होडी

खाडीत फक्त वल्ह्यांचा आवाज घुमायचा, त्या काळची ही गोष्ट. एके दिवशी रत्नाई नावाच्या सागवानी होडीशेजारी इंजिनाची नवी होडी येऊन लागली. रत्नाईने नाक मुरडलं. "एवढ्या फटफटाटात जिताडा मासा गळाला लागेल होय? वल्ह्यांवाचून कसली गं होडी?"

पुढे एकदा ओहोटीला वारा फिरला. वल्ही मारून कोळ्यांचे हात गळाले, तरी रत्नाई खोल समुद्राकडे ओढली जाऊ लागली. तेवढ्यात नव्या होडीने दोर टाकून तिला बंदरात आणलं.

रत्नाई ओशाळली. "माझी आजी अखंड खोड कोरून केलेली होती. मी फळ्या जोडलेली, म्हणून मला हसायची. म्हणायची, 'ठिगळं कुठे तरंगतात?'"

"मग?"

"मग काय! जन्मभर तिचा राग केला, आणि बोलले मात्र तिच्यासारखंच."