करवंदीच्या जाळीतलं पाडस

फार जुनी गोष्ट. माळावर गवत अजून कमरेएवढं वाढायचं, तेव्हा तिथे हरणांचा एक कळप राहत होता. त्यातल्या कवळी नावाच्या हरिणीची दोन पाडसं दगावली होती. तिसरं जगलं, आणि वैशाखाचं ऊन तापताच तिने त्याला करवंदीच्या जाळीत बसवलं. तिथून ती त्याला बाहेर पाऊल टाकू देईना.

शेजारची रेवा मात्र रोज पहाटे, ऊन चढायच्या आत, आपल्या पाडसाला घेऊन माळभर धावायची.

"कवळे, तुझ्या पाडसालाही पाठव गं. गार वेळ असते," ती म्हणाली.

"नको बाई. माझी दोन गेली. याला ऊन बाधलं तर मी काय करू?"

जाळीतलं पाडस मान उंच करून त्यांचं धावणं बघत राहायचं.

एके दुपारी माळाला वणवा लागला. सगळा कळप नदीकडे पळाला. रेवाचं पाडस तिच्या मागोमाग पाण्यात शिरलं. कवळीचं अर्ध्या वाटेतच खाली बसलं.

"ऊठ माझ्या राजा, पळ!" कवळी त्याला तोंडाने ढकलत होती.

"आई, पाय उचलत नाहीत गं. मी एवढं लांब कधी आलोच नाही."

आग त्यांच्यापर्यंत आली.

सांज झाल्यावर कवळी एकटीच नदीवर पोचली. तिच्या पाठीवरचे केस जळले होते. रेवाने सरकून तिला जागा दिली. कवळीने पाण्याला तोंड लावलं नाही. रेवाच्या पाडसाकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"उद्या पहाटे याला धावायला ने," ती म्हणाली. "चुकवू नकोस."