राहून गेलेला आरोपी

दांडगे वकील बोलायला लागले की कोर्टाबाहेरचा चहावालासुद्धा दचकायचा. सुनेच्या छळाच्या खटल्यात त्यांनी नवऱ्यासकट सासरचे चौदा जण आरोपी केले होते. त्यांत नवऱ्याची म्हातारी आत्या होती, आणि चौदावा आरोपी होता आत्याचा बालवाडीतला नातू.

"कुणी, कधी, काय केलं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"सर्वांनी, वेळोवेळी, संगनमताने!" वकील गरजले.

आत्या हात जोडून उभ्या राहिल्या. "साहेब, मी लग्नात जेवले आणि दुपारच्या एसटीनं बार्शीला परतले. सूनबाईला त्यानंतर आजच बघतेय. पण वकीलसाहेबांकडून एक आरोपी राहिलाय."

"कोण?" वकिलांनी लगेच पेन उघडलं.

आत्यांनी पिशवीतून लग्नपत्रिका काढली. "तुम्ही यादी हिच्यावरूनच उतरवलीत ना? निमंत्रकांपासून 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'वाल्या माझ्या नातवापर्यंत सगळे ओळीनं आहेत. फक्त सगळ्यात वरचं नाव सुटलंय."

न्यायाधीशांनी पत्रिका पाहिली. वर छापलं होतं, 'श्री गजानन प्रसन्न'.

"काय दांडगे, यांनाही समन्स काढायचं?"

नवरा सोडून बाकी तेरा जणांवरचा खटला त्याच दिवशी रद्द झाला. पंधरावे आरोपी मात्र अजून दांडगे वकिलांच्याच टेबलावर, जास्वंदीचा हार घालून बसलेत.