साहेबांचा नवा शब्द

तालुक्याच्या कचेरीत नवे साहेब आले आणि त्यांनी 'अपंग' शब्दावर बंदी घातली. एकदा चहाच्या टपरीच्या जागेची सुनावणी होती. इंदुमती खरात कुबड्या टेकत, दोन जिने चढून धापा टाकत दारात पोचली. उशीर झाला असता तर जागा हातची गेली असती.

शिपाई म्हणाला, "साहेब, त्या अपंग बाई आल्यात."

साहेब सगळ्यांदेखत त्याच्यावर डाफरले. मग गोड आवाजात तिला म्हणाले, "आम्ही दिव्यांग म्हणतो. पटला ना शब्द, ताई?"

"अगदी पटला, साहेब," घाम पुसत इंदुमती म्हणाली. "तुमच्यापर्यंत पोचायचं म्हणजे दिव्यच करावं लागतं."

साहेब ओशाळले. पुढच्या सुनावणीला त्यांचं टेबल तळमजल्यावर होतं.