रिकाम्या मडक्यांचं बारसं

फार फार वर्षांपूर्वी, ढगांना अजून घाई ठाऊक नव्हती तेव्हाची ही गोष्ट. एका राज्यात मोठं तळं होतं आणि तळ्याच्या काठावर आठवणघर होतं.

आठवणघरात हजार मडकी. मडक्यांत ताडपत्रं. कुणाच्या शेताची हद्द कुठे, कुठल्या गावाला पाटाचं पाणी कधी, पोट फुगलेल्या म्हशीला काय द्यायचं, सगळं त्यांत लिहिलेलं. लक्षात ठेवायचं काम मडकी करत, म्हणून माणसं हलक्या डोक्याने हिंडत. दुपारी तिथे उभं राहिलं की मडक्यांतून मधमाश्यांसारखी गुणगुण येई म्हणतात. मी काही ती ऐकलेली नाही, पण सांगणारी माणसं भली होती.

त्या लिखाणाची एक तऱ्हा होती. एका पानात सगळं मावत नसे. मग तळाशी लिहीत, ‘पुढचं अमक्या रांगेच्या तमक्या मडक्यात पाहा.’

राजा शहाणा. त्याने तळ्यापलीकडच्या टेकडीवर दुसरं घर बांधलं. दर पौर्णिमेला सगळ्या पानांच्या ताज्या नकला नावेतून तिकडे जात आणि जुने गठ्ठे परत येत. राजा म्हणे, “आता तळं उलटलं तरी आपलं काही जात नाही.”

टेकडीवरचं घर आक्का सांभाळायची. ती पाटाच्या अगदी शेवटच्या गावची. त्याला टोकाचं गाव म्हणत. तिच्या लहानपणी त्या गावाच्या पाण्याच्या पाळीचं पान हरवलं होतं. वरची गावं म्हणाली, “तुमची पाळी? आम्हाला तर आठवत नाही.” पिकं उभ्या उभ्या वाळली. अर्धं गाव उठून गेलं, ते परत आलं नाही.

एक दिवस आक्का दरबारात आली. “महाराज, मला हजार रिकामी मडकी द्या. आणि मांडण्या, अगदी खालच्या घरासारख्या.”

कारभारी म्हणाला, “पानं गठ्ठ्यांत आहेत की. वेळ आली तर मडकी तेव्हा आणू.”

“तेव्हा कुंभार कुठे सापडेल, कारभारी? तोही आपल्याबरोबर पळतच असेल.”

राजा हसला आणि त्याने मडकी दिली. सुताराने मांडण्या केल्या. आक्का एकेक मडकं उपडं करी, टिचकी मारून ऐके, आतून कोरड्या फडक्याने पुसे. जुन्याचा एक कण आत राहिला तरी तो नव्यात मिसळतो. मग मानेवर गेरूने रांग आणि आकडा लिही. आमच्या धान्याच्या धंद्यातही पाहिलंय, भरल्या पोत्याकडे सगळे बघतात. रिकामं पोतं झटकून, घडी घालून ठेवणारा एखादाच.

कारभारी एकदा डोकावला. “आक्का, पोटात काही नाही आणि नावं ठेवताय? पाळणा कधी बांधताय?”

“घुगऱ्या तुमच्याकडेच पाठवीन,” आक्का म्हणाली.

पुढे तिने आणखी एक मागणं केलं. “वर्षातून एक दिवस खालच्या घराला कडी घाला. त्या दिवशी जे विचारायचं ते मला विचारा.”

तसा पहिला दिवस आला. गठ्ठे सुटले, पानं एकापाठोपाठ एक ओळीने मडक्यांत गेली. राजाने विचारलं, “टोकाच्या गावाला पाणी कधी?” आक्काने पान काढलं. तळाशी होतं, ‘पुढचं तिसऱ्या रांगेच्या नवव्या मडक्यात.’ तिसऱ्या रांगेत तर आठच मडकी. तिने त्यापुढच्या मडक्यात हात घातला आणि वाचलं, “ओवा आणि गूळ पाजावा, म्हैस उठून बसते.”

दरबार पोट धरून हसला. आक्काच्या चेहऱ्यावर मात्र रंग नव्हता.

सुताराला बोलावलं. तो म्हणाला, “अठरा वीत सांगितली, अठराच आहे. मोजा.” मोजली. अठराच भरली. पण खालचं घर बांधणारा सुतार होता ताडमाड आणि हा चणीने बारीक. त्याच्या विती आखूड, म्हणून दर रांगेत एक मडकं कमी.

“आणि मीही जशी बसली तशी नावं घातली. खालच्या रांगा मोजल्याच नाहीत,” आक्का म्हणाली. “दादा, तुमची वीत तुमच्यापाशी राहू द्या. खालच्या मांडणीला लावून दोरी आणा.”

मांडण्या पुन्हा झाल्या. हजार मानांवरचा गेरू पुसून पुन्हा लिहिला. कारभारी म्हणाला, “दुसरं बारसं!” पुढच्या वर्षीच्या त्या दिवशी प्रत्येक पान बरोबर सापडलं. मडकी रिकामी होऊन, पुसून पुन्हा वाट बघत बसली.

बरीच वर्षं गेली. एका सकाळी, कुणी झोपेत कूस बदलावी तसं तळं वळलं आणि काठावर चढलं. माणसं टेकडीवर पोचली. आठवणघर गेलं. हजार मडकी बदकांसारखी पाण्यावर डुलत लांब निघाली आणि पानांवरची शाई विरघळली. तळ्याला क्षणभर सगळं आठवलं, आणि ते लगेच विसरलं.

पाटाचं दार उघडायला चार दिवस उरले होते. वरच्या गावचा पाटील टेकडीवर उभा राहून म्हणाला, “टोकाच्या गावाची पाळी? आम्हाला तर आठवत नाही.”

आक्काने ते वाक्य जन्मात दुसऱ्यांदा ऐकलं. तिने गठ्ठे सोडले. माणसं रांगेने उभी राहिली. एकाने आकडा पुकारावा, दुसऱ्याने मडकं पुढे करावं. दिवस कलायच्या आत हजारही मडकी भरली आणि टेकडीवर ती जुनी गुणगुण सुरू झाली.

मग आक्का तिसऱ्या रांगेच्या नवव्या मडक्यापाशी गेली. सगळ्यांना ऐकू जाईल असं तिने वाचलं, “पाणी सुटताच पहिले दोन दिवस टोकाच्या गावाचे.”

पाटलाने मान खाली घातली. चौथ्या दिवशी त्यानेच दार उघडलं. पाणी सगळी गावं ओलांडत, न थांबता, टोकापर्यंत गेलं.

सुगीनंतर कारभारी टेकडी चढून आला. “आक्का, माझ्या घुगऱ्या राहिल्या की.”

आक्काने वाटी पुढे केली. हरभरे टोकाच्या गावचे होते. “नावं घातलेली होती, कारभारी. म्हणून हाक मारल्यावर आली.”

तात्पर्य : नक्कल जपून ठेवली की अर्धी तयारी होते, ती मांडायची जागा आधीच मापून, पुसून, नाव घालून पारखली की पुरी होते.