भिवराबाईची बंदूक

आमच्या संस्थानात कुणी कुणाला बंदूक विकायची, तर दरबारचा परवाना लागत नसे. घेणाऱ्याला नीट दिसतं, एवढी शपथ विकणाऱ्याने चावडीवर घ्यायची.

सरदार रणनवऱ्यांच्या शिकारीत रान उठवणारा गेनू त्यांच्याच गोळीने मेला. "मला अंधुक दिसतं, डुक्कर वाटलं," असं दरबारात शपथेवर सांगून सरदार सुटले. वर्षाने गेनूच्या बापाची जुनी बंदूक त्यांच्या मनात भरली. त्यांनी गेनूच्या आईला, भिवराबाईला, चावडीवर बोलावलं.

"म्हातारे, घे शपथ."

"सरकार, तुमाला दिसत नसंल, तर खोटी शपथ कशी घेऊ? आन् दिसत असंल, तर माझा गेनूबी दिसला व्हता."

सरदार खाली मान घालून निघून गेले. बंदूक भिवराबाईकडेच राहिली. ती पेलणारं घरात कुणी उरलं नव्हतं.