सतरा दिवसांचं पाणी

"...पण त्या सतरा दिवसांत पाणी होतं तरी किती, सर?"

मकरंद नाईकनवरेनं हे तिसऱ्यांदा विचारलं होतं.

केळुसकर सरांनी वाटाण्याची शेंग सोलली, दाणे ताटलीत पाडले आणि दुसरी शेंग उचलली.

"माहीत नाही."

"तुम्ही इथंच होतात."

"होतो."

"नाल्यापासून चाळीस पावलांवर."

"तीसच असतील."

"आणि पाहिलं नाहीत?"

"नाही पाहिलं."

लाहौलमधल्या नाम्छुक नावाच्या त्या गावात घरं होती बावीस. त्यातलं सगळ्यात वरचं सरांचं. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, समुद्राकाठचे. नोकरीत असताना हिमनदीच्या वितळपाण्याचा अभ्यास करायला म्हणून इथं आले, दर उन्हाळ्यात येत राहिले, आणि निवृत्त झाल्यावर परत गेलेच नाहीत. लग्न केलं नव्हतं. पुण्यात त्यांचे विद्यार्थी म्हणायचे, सरांचं लग्न नाल्याशी लागलंय. मकरंदही म्हणायचा.

तो त्यांचा शेवटचा विद्यार्थी आणि, त्याच्या स्वतःच्या मते, सर्वांत पुढे गेलेला.

वरच्या हिमनदीतून किती बर्फ उतरेल आणि खाली किती पाणी येईल, याचं त्यानं संगणकावर एक मॉडेल बांधलं होतं. ते चोख चाललं होतं. नाल्याच्या एकतीस वर्षांच्या, दर उन्हाळ्यातल्या नोंदी त्याला आधार होत्या. सकाळी आठला एक, संध्याकाळी पाचला एक. एवढ्या उंचीवरच्या एवढ्या सलग नोंदी सहसा कुणाकडे नसतात.

सलग, पण एक भोक सोडून.

सव्वीस वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधले सतरा दिवस कोरे होते. चौतीस नोंदी नव्हत्या. आणि तोच तर उष्णतेचा पंधरवडा! आजूबाजूच्या सगळ्या खोऱ्यांत त्या दिवसांत नाले फुगले होते. मकरंदला नेमकं तेच पाणी हवं होतं. शोधनिबंध तपासणाऱ्यांनीही नेमकं त्याच जागी बोट ठेवलं होतं.

म्हणून तो पुण्याहून निघून चौथ्या दिवशी इथं पोचला होता. शेवटचे सहा किलोमीटर पायी, कारण रस्ता दरडीखाली गेला होता.

त्यानं पाठपिशवीतून एक कागद काढला आणि सरांच्या पुढ्यात ठेवला.

"हे काय?"

"चौतीस आकडे. मॉडेलनं काढलेत. अलीकडचे-पलीकडचे दिवस इतके सुंदर जुळतात की तुम्ही बघत राहाल."

"बरं."

"तुम्ही फक्त एवढं लिहून द्यायचं... की हे आकडे तुमच्या आठवणीशी जुळतात. खाली सही."

सर कागदाकडे बघत राहिले. चष्मा कपाळावर होता, तो त्यांनी खाली घेतला नाही.

"माझ्या आठवणीत आकडे नाहीत रे."

"सर, नाव तुमचंही आहे निबंधावर. एकतीस वर्षं! आणि चौतीस आकड्यांपायी सगळं अडून राहायचं?"

"तू वही बघितलीस कधी?"

"कसली?"

"नोंदींची."

मकरंदला हसू आलं. "तुम्ही सगळं टंकून पाठवलंत ना सर. एकेक आकडा पाठ आहे मला."

सर उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. फडताळातून त्यांनी कापडात बांधलेली एक वही काढली, उघडली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

मकरंदनं पानं चाळली. आकडे ओळखीचे होते, पण डोळ्यांना अनोळखी वाटले. नागरी आकडे होते ते. गोल, टपोरे, ओळीत बसवलेले. शाळेत पाटीवर गिरवतात तसे. पानामागून पान तसंच.

मग एक पान आलं, त्यावर तारखा लिहिलेल्या आणि पुढे काही नाही. सतरा ओळी.

त्यानंतर पुन्हा आकडे. पण आता इंग्रजी, बारीक, उजवीकडे कललेले. हे अक्षर त्याला माहीत होतं. त्याच्या प्रबंधाच्या समासात याच अक्षरानं चार वर्षं त्याच्या चुका काढल्या होत्या.

"आधीच्या नोंदी तुम्ही नाही घेतलेल्या?"

"नाही."

"मग कुणी?"

सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"चल. पाच वाजत आले."

"सर, आपण मागच्या वर्षी यंत्र बसवलंय. दर पंधरा मिनिटांनी आपोआप मोजतं. तुम्ही अजून उतरता?"

सर काठी घेऊन बाहेर पडलेसुद्धा होते.

उतार वाटाण्याच्या वाफ्यांतून खाली जात होता. दिवसभराच्या उन्हानं वरचा बर्फ सुटला होता आणि नाला या वेळी भरात होता. राखाडी, दाट पाणी. तळातले दगड एकमेकांवर आपटत गडगडत चालले होते. तो आवाज कानापेक्षा पायांना जास्त कळत होता. काठच्या एका खडकाला मोजपट्टी ठोकलेली होती. शेजारी खांबावर मकरंदचं यंत्र गुपचूप बसलं होतं.

सर वाकले. लाटेची उसळी जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली, तिसरीनंतर बोलले.

"एक मीटर बेचाळीस."

खिशातल्या छोट्या वहीत लिहिलं. तिथंच उभे राहिले.

"पाल्मो नाव तिचं," ते म्हणाले. "खालच्या घरातली. आठवीपर्यंत शिकलेली. मी तिला नोंदी घ्यायला ठेवलं होतं. पहिल्याच महिन्यात तिनं माझी चूक काढली. मी उसळीवर वाचत होतो. ती म्हणाली, बाबूजी, पाण्याला श्वास घेऊ द्या, मग वाचा."

हेच वाक्य सरांनी मकरंदच्या वर्गात सांगितलं होतं. त्यानं ते पुढे स्वतःच्या वर्गात सांगितलं होतं. ते कुणाचं, हे कधी मनातही आलं नव्हतं.

"पाच वर्षं नोंदी तिच्या. आम्ही... ठरवलं होतं आम्ही. तिची आई खिंडीपलीकडच्या गावात. म्हणाली, आईला सांगून येते. चार दिवसांत येते."

"आणि तुम्ही नोंदी घ्यायच्या होत्या."

"मीच घेणार होतो. दुसरं कोण होतं?"

"मग?"

सरांनी त्याच्या खांद्याला धरून त्याला मोजपट्टीपाशी उभं केलं. मग हलकेच फिरवलं. आता नाला त्याच्या पाठीशी होता.

"काय दिसतं?"

समोर वाफे. वाफ्यांवर गाव. गावावर उघडा, तांबूस डोंगर, आणि त्याच्या अंगावरून नागमोडी उतरणारी एक पायवाट. वाट थेट आभाळातून सुटल्यासारखी एका खाचेतून निघत होती.

"खिंड," मकरंद म्हणाला.

"मी रोज उतरायचो. आठला, पाचला. एकही वेळ चुकवली नाही. इथंच येऊन उभा राहायचो... असा."

नाला पाठीमागे गर्जत होता. मान जेमतेम वळवली असती तरी पट्टी दिसली असती.

चौतीस वेळा, मकरंदच्या मनात आलं. पाण्यापासून हातभर अंतरावर.

तो वाटेकडे बघत राहिला. वर काही हललं की काय असं वाटलं. ढगाची सावली होती. साताऱ्याला गार्गी या वेळी क्लिनिक उघडत असेल. आठ वर्षं झाली त्यांच्या लग्नाला, त्यातले पाच उन्हाळे त्यानं बर्फावर काढले होते. पूर्वी ती दर फोनला विचारायची, कधी येणार. मागच्या वर्षापासून विचारत नव्हती. समजूतदार झाली, असं तो मित्रांना कौतुकानं सांगायचा.

"किती दिवसांनी आली ती?" त्यानं विचारलं. वळून न बघता विचारलं.

"अठराव्या दिवशी गद्दी जमातीचे दोन मेंढपाळ उतरले त्या वाटेनं. दुपारी. त्यांनी सांगितलं."

नाल्याचा आवाज मध्ये आला. सर थांबले, पुन्हा बोलू लागले.

"आईकडून ती पाचव्याच दिवशी निघाली होती. खिंडीच्या पलीकडे एक नाला लागतो. असाच. बर्फाचा. तिथवर पोचली तेव्हा दिवस कलला होता. पाणी चढलेलं. त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, आम्ही तिला ओरडून सांगितलं, सकाळपर्यंत थांब."

मकरंद आता वळला.

बर्फाचं पाणी रात्री उतरतं, पहाटे सर्वांत कमी असतं, ओलांडायचं ते पहाटेच. डोंगरात पाऊल ठेवणाऱ्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. आणि जिनं पाच वर्षं रोज आठचं पाणी आणि पाचचं पाणी शेजारी शेजारी लिहिलं होतं...

"तिला तर माहीत होतं, सर."

"तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं."

"मग का नाही थांबली?"

काठीच्या टोकानं सर वाळूतला एक खडा उकरत राहिले. खडा निघाला. तो पाण्यात गेला. आवाजही झाला नाही.

"सापडली?"

"नाही."

मकरंदनं शर्टाच्या खिशावर हात ठेवला. वरून निघताना त्यानं तो कागद घडी करून तिथं ठेवला होता. सरांचं मन खाली काठावर वळेल, सही तिथंच घेऊ, असा त्याचा बेत होता. त्या चौतीस आकड्यांत पाचव्या दिवशी, संध्याकाळी पाचला, सर्वांत मोठा आकडा होता. एक अठ्ठ्याण्णव. मॉडेल फार सुंदर जुळलं होतं.

त्यानं कागद काढला, आडवा फाडला, उभा फाडला आणि तुकडे पुन्हा खिशात ठेवले. नाल्यात टाकायचा धीर झाला नाही.

पुढे तो निबंध त्या कोऱ्या सतरा दिवसांसकट गेला. दोनदा परत आला. छापून यायला तीन वर्षं लागली, आणि त्यात सर्वांत वर पाल्मोचं नाव घालण्यावरून मकरंद संस्थेतल्या वरिष्ठांशी भांडला. पण त्याआधी, त्या संध्याकाळच्या दुसऱ्याच दिवशी उजाडताच तो नाम्छुकहून निघाला तो दरडीपलीकडे, जिथं फोन लागतो तिथवर, कुठंही न टेकता चालत गेला. गार्गीनं फोन उचलल्यावर काय बोलायचं हे मात्र त्याला सुचलं नव्हतं. ती बराच वेळ नुसतं "हॅलो, हॅलो" म्हणत होती.

पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी दोघं अजून काठावर उभे होते. ऊन डोंगराच्या माथ्याशी गेलं होतं. पाण्यावरून येणारा वारा बोचू लागला होता.

मकरंदच्या मनात एक गोष्ट रुतून बसली होती. ती वही.

"सर, मेंढपाळ अठराव्या दिवशी दुपारी आले म्हणालात."

"हो."

"अठराव्या दिवशी पाचची नोंद आहे. तुमच्या अक्षरात. पहिली."

"आहे."

"म्हणजे सतरा दिवस तुम्ही वाट बघत होतात, तेव्हा एकदाही पाण्याकडे पाहिलं नाहीत. आणि ज्या दुपारी कळलं, की आता ती... त्याच संध्याकाळी..."

सरांनी छोटी वही खिशातून पुन्हा काढली. मघाचा आकडा तपासला. वहीत बोट तसंच ठेवून त्यांनी एकदा वर, वाटेकडे पाहिलं.

"आल्यावर विचारेल ना ती," ते म्हणाले, "मी नव्हते तेव्हा पाणी किती होतं म्हणून."